लगदा पंप क्र. ३

उणे एकतीसला गॅसच बाटलीबाहेर यायला तयार नव्हता.
निळी ज्योत शिंकली, विझली,
आणि पातेल्यातले अर्धेकच्चे जव
अंगणात गोठून बसले.
त्या रात्री ठरवलं : आता विजेवर.

तयार पॅनेलची किंमत पाहिली
आणि लॅपटॉप हळूच मिटला,
झोपलेल्या घरात दार ओढून घ्यावं तसा.
मी थंडर बेमध्ये शाळेची बस चालवते.
बर्फामुळे शाळा बंद, तर माझा पगारही बंद.
कॉफीच्या डब्यात तीनशे दहा डॉलर होते
आणि थोडी नाणी, ती मी मोजत नाही.

पेटी मिळाली भंगारात,
बंद पडलेल्या कागद गिरणीची.
राखाडी, पोचे आलेली, दारावर पितळी पट्टी :
लगदा पंप क्र. ३.
भंगारवाला वीस म्हणाला.
हातमोजे काढून, बोटं लाल होईपर्यंत
घासाघीस केली. चौदा.

रिलेवर लिहिलं होतं चाळीस अँपिअर.
लिहायला काय जातं.
जुन्या ॲम्प्लिफायरचा ॲल्युमिनियमचा कंगवा
त्याच्या पाठीला बांधला,
तापला तर श्वास तरी घेईल.
जाड तार मात्र नवी, फुटाफुटानं मोजून घेतलेली.
तिथे वाचवलेला डॉलर
आगीचा बंब घेऊन परत येतो.

पहिलंच भोक मोठं पडलं.
दिवा आत घरंगळला, मी शिवी घातली,
मग बिअरच्याच झाकणातून एक चकती कापली.

वीज घेतली कपडे वाळवायच्या यंत्राच्या प्लगमधून.
म्हणजे बिअरच्या दिवशी
घरभर ओले मोजे.

शेजारचा रेइनो कांगास आला. अठ्ठ्याहत्तरचा.
गिरणीत चाळीस वर्षं वीज सांभाळलेला.
टोपीवरचा बर्फ न झाडता पेटीसमोर उभा राहिला,
पट्टीवर नखानं टकटक केलं.
"ही शुक्रवारी बंद पडायची. दर शुक्रवारी."
मग चष्मा कपाळावर सारून
माझ्या तारा वाचत गेला,
शेवटाकडून सुरुवातीकडे.
"दाराला अर्थिंग नाही."
बिजागरी आहे की, मी म्हणाले.
"बिजागरीवर रंग आहे. वीज रंगातून जाणार नाही,
तुझ्यातून जाईल."
आणि खिशातून वीतभर हिरवी तार काढली.
खिशात हिरवी तार घेऊन हिंडणारा माणूस
माझ्या ओळखीत हा एकच.

लाल बटण पिळून सोडलं.
आत कुठेतरी खट्.
काळ्या काचेवर आकडे उगवले,
दीड सेकंद राहिले,
आणि गळतीचा ब्रेकर पडला.

तीन रात्री शोधलं.
एकेक तार सोडवली, पुन्हा जोडली,
मीटरला शिव्या, मग मीटरची माफी.
निघालं काय, तर हीटरच्या टोपणात
बाहेरच्या थंडीतून आणलेल्या लोखंडाला
घाम फुटला होता. थेंबभर.
केस वाळवायचं यंत्र, दहा मिनिटं, बस्स.

तापमापक बर्फाच्या पाण्यात शून्य पूर्णांक चार म्हणत होता.
त्याला शून्य शिकवलं.
मग पाणी, मग जव,
आणि सदुसष्टला आकडा थांबला.
गॅसवर तो कधीच थांबला नव्हता.
तापलेल्या पोरापाशी बसावं
तशी मी पातेल्यापाशी बसायचे.
आता पेटी बसली होती,
तिचा छोटा दिवा लुकलुकत, लागेल तेवढाच.
माझ्या हातांना काही कामच उरलं नाही,
ते मांडीवर ठेवले.
भट्टी जमली म्हणतात, ती ही असावी.

रेइनोला डॉक्टरांनी बिअर बंद केली आहे.
तो स्टुलावर बसून वाफेत तोंड धरून होता,
सौनात बसतो तसा, डोळे मिटून, बराच वेळ.
मग म्हणाला, "आज शुक्रवार."

आम्ही दोघांनी पेटीकडे पाहिलं.

सदुसष्ट.

मागे दोरीवरचे मोजे टपकत होते.

सदुसष्ट.